गाडीला दुसरी बॅटरी : केव्हा, कोणती आणि कशी जोडावी?

काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातील अनेक संत्रा बागायतदारांकडे माल वाहून नेण्यासाठी पिकअप किंवा जीप असते. पूर्वी अशा गाडीत हेडलाइट आणि हॉर्न एवढाच विजेचा खर्च होता. आता माल भरण्यासाठी जादा दिवे लावले जातात, मोबाइल चार्ज होतो, रेडिओ चालतो आणि बॅटरीवर चालणारे फवारणी पंपही गाडीवरच चार्ज केले जातात. हा सगळा भार एकाच बॅटरीवर पडतो. आंबिया बहाराचा माल ऐन थंडीत निघतो. रात्री भरलेली गाडी पहाटे सुरूच झाली नाही, तर नागपूरच्या कळमना बाजारातील लिलाव चुकतो आणि तोडलेला माल एक दिवस शिळा होतो. हे टाळण्यासाठी काही बागायतदार दुसरी बॅटरी बसवून घेतात. परंतु ती चुकीच्या पद्धतीने जोडल्यास दोन्ही बॅटऱ्या खराब होतात, प्रसंगी वायर जळून गाडीला आगही लागू शकते. म्हणून या विषयाची आवश्यक माहिती येथे दिली आहे.

सेल्फची बॅटरी वेगळी का ठेवावी?

इंजिन सुरू करताना सेल्फ काही सेकंदच चालतो, पण त्या वेळी २०० ते ३०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढतो. ३०० अँपिअर प्रवाह ५ सेकंद घेतला तरी खर्च अर्ध्या अँपिअर-तासापेक्षाही कमी होतो. याउलट ३ अँपिअर घेणारे दिवे ३ तास चालले, तर ९ अँपिअर-तास खर्च होतात. सेल्फची बॅटरी मोठा प्रवाह थोडा वेळ देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात पातळ प्लेट्स जास्त संख्येने असतात. ती वारंवार खोलवर उतरवली, तर प्लेट्सवरील मसाला गळतो आणि बॅटरी लवकर निकामी होते.

आपण बियाण्याचे धान्य वेगळ्या कोठीत ठेवतो, घरात टंचाई आली तरी त्याला हात लावत नाही. सेल्फची बॅटरी हे गाडीचे बियाणे समजावे.

प्रथम हिशेब करावा

उपकरणाच्या वॅटला १२ ने भागले की अँपिअर मिळतात. त्याला वापराच्या तासांनी गुणले की अँपिअर-तास मिळतात. उदाहरणार्थ, एका रात्रीचा खर्च असा येईल :

१) ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे, ३ तास : सुमारे २७ अँपिअर-तास
२) ८ अँपिअर-तासांच्या दोन फवारणी पंपांचे चार्जिंग, घट धरून : सुमारे २० अँपिअर-तास
३) मोबाइल व रेडिओ : सुमारे ५ अँपिअर-तास

एकूण ५२ अँपिअर-तास झाले. हॅलोजनऐवजी १८ वॅटचे दोन एलईडी दिवे लावले, तर दिव्यांचा खर्च ९ वर येतो आणि एकूण खर्च ३४ होतो. पंप घरच्या विजेवर चार्ज केले, तर केवळ १४ अँपिअर-तास उरतात. रोजची गरज १० ते १५ अँपिअर-तासांपर्यंत असेल आणि मूळ बॅटरी चांगली असेल, तर दुसऱ्या बॅटरीचा खर्च करण्याची गरज नाही.

शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये. म्हणून आलेल्या गरजेची दुप्पट क्षमता घ्यावी. ३४ अँपिअर-तासांसाठी ७० ते ७५ अँपिअर-तासांची बॅटरी पुरेशी होते.

अल्टरनेटरची ताकद पाहावी

बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. अनेक ट्रॅक्टरवर ३६ अँपिअरचा अल्टरनेटर असतो आणि इंजिन मंद चालत असताना तो पूर्ण प्रवाह देत नाही. त्यातून हेडलाइट व मूळ बॅटरीची गरज वजा केल्यावर जे उरेल, तेच दुसऱ्या बॅटरीला मिळते. काटोलहून कळमना बाजार सुमारे ६० किलोमीटर आहे. या दीड तासाच्या प्रवासात सरासरी १५ अँपिअर मिळाले, तर २० ते २२ अँपिअर-तास भरून निघतात. म्हणजे ३४ चा खर्च एका फेरीत भरत नाही. यासाठी पंधरा दिवसांतून एकदा दुसरी बॅटरी घरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरावी.

बॅटरीची निवड

दुसरी बॅटरी जाड प्लेट्सची, खोल उतरण्यास योग्य आणि गाडीतील हादरे सहन करणारी असावी. घरातील इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी गाडीवर बसवू नये. ती एका जागी स्थिर ठेवण्यासाठी असते, तिचे वजन फार असते आणि शेतरस्त्याच्या हादऱ्यांनी ती लवकर खराब होते. लिथियम बॅटरीची चार्जिंगची रीत वेगळी असल्याने ती शिसे-आम्ल बॅटरीला थेट जोडू नये. तिच्यासाठी स्वतंत्र डीसी चार्जर लागतो.

जोडणीची पद्धत

१) दोन बॅटऱ्या थेट धन-धन, ऋण-ऋण अशा कायमच्या जोडू नयेत. दोन्ही एकदमच उतरतात आणि कमजोर बॅटरी चांगलीलाही ओढते. एकीचा धन दुसरीच्या ऋणाला जोडल्यास २४ व्होल्ट होऊन १२ व्होल्टची उपकरणे जळतात.

२) दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज पाहून चालणारा रिले बसवावा. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज सुमारे १३.३ वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि सुमारे १२.८ वर आले की तोडतो. हाताने चालवण्याचा स्विच स्वस्त पडतो, पण तो बंद करण्याचे विसरले तर सगळा उद्देशच फसतो. सेल्फचा सोलेनॉइड या कामासाठी वापरू नये. तो सतत चालू राहण्यासाठी नसतो, तापून जळतो.

३) जोडवायरीला दोन्ही टोकांनी बॅटरी असते. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत एकेक फ्यूज हवा. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीसाठी ६० अँपिअरचा फ्यूज ठीक आहे. फ्यूजच्या जागी तार बांधू नये.

४) वायर बारीक नसावी. जाणे-येणे मिळून ६ मीटर वायरीतून ४० अँपिअर प्रवाह गेला, तर ४ चौरस मिलिमीटर वायरीत १ व्होल्टपेक्षा जास्त घट येते. मग बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. १६ चौरस मिलिमीटर वायरीत ही घट पाव व्होल्टच्या आसपास राहते.

५) सर्व जादा उपकरणे दुसऱ्या बॅटरीवरच, प्रत्येकी वेगळ्या फ्यूजमधून जोडावीत. पंपाची बॅटरी गाडीच्या बॅटरीला थेट न लावता १२ व्होल्टवर चालणाऱ्या योग्य चार्जरमधून भरावी.

६) काही नवीन गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज कमी-जास्त होत राहते. तेथे साधा रिले नीट काम करत नाही, डीसी चार्जर बसवावा लागतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर आधी विक्रेत्याकडे चौकशी करावी.

काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. काम सुरू करताना ऋण टोक आधी काढावे आणि शेवटी लावावे. हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे.

जागा आणि निगा

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी माणसे बसतात त्या भागात ठेवू नये. हवा खेळती राहील अशा पेटीत, पट्टीने घट्ट आवळून, इंजिनच्या उष्णतेपासून दूर बसवावी.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर उडते आणि तिचे आयुष्य घटते. थंडीत तिची क्षमता कमी होते, शिवाय इंजिन फिरवायलाही जास्त जोर लागतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये दर पंधरवड्याला पाण्याची पातळी पाहावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी किंवा आम्ल घालू नये. टर्मिनलवरील पांढरा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. आम्ल डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

तपासणी

गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या खाली म्हणजे उतरलेली समजावी. काम झाल्यावर इंजिन बंद करून जादा दिवे तासभर लावून पाहावेत. दिवे बंद करून लगेच पहिल्या बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. ते दुसरीबरोबर खाली आले असेल, तर रिले तोडत नाही असे समजावे. इंजिन चालू असताना दुसऱ्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

जुनी बॅटरी बांधावर, गोठ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. तिच्यातील शिसे माती-पाण्यासाठी व मुलांसाठी विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात जमा करावी.

शेतकरी बंधूंनी आधी खर्च मोजावा, शक्य तेथे एलईडी दिवे लावून तो कमी करावा आणि त्यानंतरही गरज उरली तरच दुसरी बॅटरी बसवावी. बसवल्यावर मात्र सेल्फच्या बॅटरीवर दुसरे काहीही जोडू नये, म्हणजे हंगामात पहाटे गाडी खोळंबणार नाही.