औषधी शाम्पूला द्या त्याची पाच मिनिटं

कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीच्या वाटेला लागली की वऱ्हाडाला पावसाचे वेध लागतात. 1594 पासून चालत आलेली म्हणून सांगितली जाणारी ही वारी महिनाभराहून जास्त दिवस चालते आणि वाटेत मृग गाठतोच. भिजलेलं धोतर अंगावरच वाळतं, घामेजलेली टोपी डोक्यावर तशीच राहते, ओल्या केसांचा अंबाडा बांधला जातो. जांघेत गजकर्ण, पायांच्या बोटांत चिखल्या, पाठीवर शिबं आणि डोक्यात कोंडा ही या दिवसांची ठरलेली दुखणी. मग वारकरी असो की घरी राहिलेला, पावलं वळतात ती मेडिकलकडे.

"भाऊ, डोक्यात लय खाजवते. कोंडा झाला वाटते. काई तरी जोरदार द्या न." एवढं सांगितलं की काउंटरवर औषधी शाम्पूची बाटली येते. किती वेळ ठेवायचा, आठवड्यातून किती वेळा लावायचा, कधी थांबवायचा, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि मागे रांग असल्यामुळे दुकानदारही सांगत नाही. बाटली घरी जाते आणि रोजच्या शाम्पूसारखी वापरली जाते. पंधरा दिवसांनी तक्रार ठरलेली: "कायले फरक नाई पडला."

फरक न पडण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर तो आजार शाम्पूचा नसतो, किंवा शाम्पूला काम करायला वेळच मिळालेला नसतो.

शेगावने दिलेला धडा

पहिल्या कारणासाठी फार लांब जायला नको. 2025च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत काय झालं ते सगळ्यांनी वाचलं आहे. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. सुरुवातीला संशय गेला बुरशीवर. खारपाणपट्ट्यातलं पाणी, त्यातले क्षार आणि नायट्रेट यांच्याकडेही बोट दाखवलं गेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक गावात आलं. तोवर गावागावांत पाणी उकळून अंघोळी झाल्या, शाम्पू बदलले गेले, तेलं बदलली गेली.

या गोष्टीला वळण दिलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. विंचूदंशावरच्या त्यांच्या कामाने कोकणातले हजारो जीव वाचले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या माणसाची पद्धत एकच: रोग्याच्या घरी जायचं, तो काय खातो-पितो ते पाहायचं आणि मग प्रयोगशाळेचं दार ठोठावायचं. शेगावच्या गावांतही त्यांनी तेच केलं. डोक्याची साल तपासून ते थांबले नाहीत. रक्त, लघवी आणि केस तपासले, सोबत घरातला रेशनचा गहूही तपासला. सेलेनियम हे मूलद्रव्य रक्तात, लघवीत आणि केसांत नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळलं, जस्त कमी आढळलं, आणि गव्हातही सेलेनियम भरपूर निघालं. पंजाब-हरियाणाकडून रेशनवर आलेला गहू हे मूळ असल्याचं त्यांचं म्हणणं. तोवर 18 गावांतल्या 279 जणांचे केस गेल्याची नोंद झाली होती.

ज्याला सेलेनियमचा इतिहास ठाऊक आहे त्याला ही लक्षणं ओळखीची वाटतील. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1960 च्या दशकात अनेक गावकऱ्यांचे केस आणि नखं गळाली होती. तिथलं सेलेनियमही जमिनीतून पिकात आणि पिकातून ताटात आलं होतं. पंजाबात होशियारपूर-नवाशहर भागातल्या सेलेनियमयुक्त जमिनी शेतीशास्त्रज्ञांना अनेक वर्षांपासून माहीत आहेत.

जे पोटातून गेलं होतं त्यावर डोक्याला लावलेली कुठलीही बाटली उतारा ठरणार नव्हती. म्हणून केस गळताना दिसले की पहिला प्रश्न "कोणता शाम्पू?" हा नसावा, "का गळतात?" हा असावा. चाई पडली असेल तर ती बुरशी नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती तिथे स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. लहान मुलाच्या डोक्यात गोल चकत्या पडून केस मुळाशी तुटत असतील, काळे ठिपके दिसत असतील, तर ते बहुधा डोक्यातलं गजकर्ण. त्यातली बुरशी केसाच्या आत शिरलेली असते आणि तिथपर्यंत शाम्पू पोचत नाही. पोटातून औषध घ्यावंच लागतं. शाम्पूने फक्त घरातल्या दुसऱ्या मुलांना होणारी लागण कमी होते.

एकच मूलद्रव्य, दोन गोष्टी

याच सेलेनियमचं एक संयुग कोंड्यावरचं जुनं औषध आहे. सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू अमेरिकेत 1951 पासून वापरात आहे. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि धडधाकट कातडीतून शरीरात फारसं शिरत नाही, म्हणून सांगितल्याप्रमाणे वापरलं तर ते सुरक्षित आहे. शेगावची बातमी वाचून कुणी घरातली बाटली फेकून देण्याची गरज नाही. मात्र डोक्यात जखम, फोड किंवा ओरखडे असतील तर ते लावू नये आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. चांदीवर त्याने डाग पडतात, रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांचा रंगही बदलू शकतो. दागिने काढायचे नसतील तर डॉक्टरांना तसं सांगून दुसरं औषध मागावं.

ते दुसरं औषध बहुतेक वेळा केटोकोनाझोल असतं. कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर असते. फ्रान्सच्या लुई-शार्ल मॅलॅसे यांनी 1874 मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यात ती पाहिली, त्यांच्याच नावावरून तिचं नाव पडलं. तिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही. डोक्यातलं तेल खाऊन ती जगते, आणि ते पचवताना मागे सोडलेल्या आम्लांनी काहींची कातडी चिडते, पापुद्रे सुटतात. म्हणूनच कोंडा झाला की रात्रभर तेल थापून ठेवण्याचा घरगुती सल्ला टाळलेला बरा. तेल लावायचंच असेल तर थोडं लावावं आणि तासाभरात धुवावं.

केटोकोनाझोल या बुरशीच्या पेशीचं आवरण बांधू देत नाही. पण त्याला कातडीशी संपर्क हवा, आणि संपर्काला वेळ हवा. इथेच वऱ्हाडातल्या न्हाणीघरात गणित चुकतं. डोक्यावर शाम्पू, दोनदा चोळणं, लगेच तांब्याभर पाणी: अशाने बाटलीतलं औषध मोरीतून वाहून जातं. खारपाणपट्ट्यात पाणी खारं, फेस कमी येतो, म्हणून माणसं आणखी शाम्पू ओततात. फेस म्हणजे औषध नव्हे.

बरोबर रीत अशी. केस पूर्ण ओले करावेत. खूप तेलकट असतील तर आधी साध्या शाम्पूने धुवून घ्यावेत. मग औषधी शाम्पू तळहातावर घेऊन बोटांनी भांग पाडत थेट कातडीवर लावावा. केसांच्या टोकांना त्याची गरज नाही. नखांनी खरवडू नये, बोटांच्या पेरांनी हलकं चोळावं. कानामागे, मानेवर, भुवयांत आणि दाढीतही पापुद्रे असतील तर तिथेही लावावा, डोळे मिटून. मग तीन ते पाच मिनिटं थांबावं. तेवढ्यात अंग चोळून होतं. शेवटी भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यांत गेला तर लगेच साध्या पाण्याने डोळे धुवावेत.

2 टक्के केटोकोनाझोल कोंड्यासाठी आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावतात. कोंडा आटोक्यात आला की आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा लावला तरी पुरतो. रोज लावल्याने कोंडा दुप्पट वेगाने जात नाही. डोकं मात्र कोरडं पडतं, जळजळतं आणि केस राठ होतात. पाठीवर, छातीवर शिबं असतील तर हाच शाम्पू अंगावर लावून पाच मिनिटांनी धुवावा. किती दिवस ते डॉक्टर सांगतील. बुरशी मेल्यावरही पांढरे डाग काही महिने राहतात. डाग दिसतात म्हणून औषध चालू ठेवणं चुकीचं आहे.

गोळी आणि शाम्पू यांची गल्लत करू नये. पोटातून घेतलेल्या केटोकोनाझोलने यकृताला गंभीर इजा होऊ शकते म्हणून 2013 मध्ये युरोपने ती गोळी थांबवण्याची शिफारस केली आणि अमेरिकेने तिच्यावर कडक मर्यादा घातल्या. शाम्पूतून शरीरात जाणारं प्रमाण नगण्य असतं. तरीही गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि तान्ही मुलं यांच्यासाठी डॉक्टरला विचारल्याशिवाय बाटली उघडू नये.

खरा धोका मलमाच्या नळीत

शाम्पूपेक्षा मोठी काळजी करायला हवी ती त्याच काउंटरवरच्या "तिन्ही रोगांवर एकच" मलमाची. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी खाली खुशाल पसरते. गजकर्ण रूप बदलतं, कातडी पातळ होते, जांघेत कायमच्या रेषा उमटतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमांत बदल केला, त्याच वर्षी अनेक मिश्रणांवर बंदीही घातली. तरी आजही नळी मागितली की मिळते.

याची किंमत आता जग मोजतं आहे. टर्बिनाफाइन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी 2020 मध्ये वेगळी ओळखली गेली, आणि तिच्या नावात भारत आहे. 2023 मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही सापडले. औषधाला न जुमानणारी बुरशी पसरण्यामागे स्टेरॉइड मलमांचा बेबंद वापर हे तज्ज्ञांनी मांडलेलं एक मोठं कारण आहे. महिनोन्‌महिने असं मलम लावणाऱ्याने ते एकदम बंद करू नये. खाज उसळून येते. डॉक्टरच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करत बुरशीचं औषध चालू ठेवावं.

चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल, पू येत असेल, केस चकत्यांनी जात असतील किंवा घरात एकाच वेळी अनेकांना तोच त्रास असेल, तर मेडिकल सोडून दवाखाना गाठावा. घरातल्या अनेकांना एकदम त्रास होतो तेव्हा कारण कंगव्यात, टॉवेलात किंवा ताटात असू शकतं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी सेवेवरून डॉक्टरचा सल्ला घेता येतो.

पालखीमार्गावरच्या आरोग्य शिबिरांनीही यंदा एवढं करावं: स्टेरॉइडची मलमं वाटू नयेत, आणि शाम्पूच्या प्रत्येक बाटलीसोबत आजाराचं नाव, लावण्याची मिनिटं आणि थांबवण्याची तारीख लिहिलेली मराठी चिठ्ठी द्यावी. औषध दुकानदारांच्या संघटनांना हे वर्षभर करणं अवघड नाही.