तेल एंजिने व पंप यांच्या जुन्या सुट्या भागांचे कालनिर्धारण
शेतीच्या तेल एंजिनांचे व पंपांचे जुने सुटे भाग कोणी व कोणत्या कालखंडात बनविले, हे त्यांवरील खुणा, त्यांची घडण आणि निर्मात्याचा इतिहास यांवरून ठरविण्याची पद्धती.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) प्रवराकाठचे कोल्हार हे गाव भंडारदरा धरण (१९२६) व प्रवरा कालवे यांमुळे विकसित झालेल्या ऊस-बागायतीच्या पट्ट्यात येते. जवळच्या लोणी येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा भागात विहिरींवरील मोटेची जागा प्रथम तेल एंजिनावर चालणाऱ्या पंपांनी व पुढे विजेच्या मोटरींनी घेतली. निकामी झालेली एंजिने मोडीत जातात. त्यांबरोबर नामपट्टीही नष्ट होते आणि यांत्रिक सिंचनाच्या इतिहासाचा एक पुरावा नाहीसा होतो. जुन्या यंत्राला जुळणारा भाग शोधण्यासाठीही निर्माता व काळ माहीत असावा लागतो.

निर्मात्याचा इतिहास : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्थानकाजवळ, कारखाना हलविण्यात आला. ही वसाहत म्हणजेच किर्लोस्करवाडी. १९२० मध्ये या व्यवसायाची मर्यादित कंपनी झाली. तेल एंजिनांसाठी १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही वेगळी कंपनी स्थापन झाली. त्यामुळे केवळ ‘किर्लोस्कर’ हे नाव वाचून निर्माता ठरत नाही. कंपनीचे पूर्ण नाव व ठिकाण पाहावे लागते.

कालदर्शक खुणा : नामपट्टीवरील पत्ता हा सर्वांत उपयुक्त पुरावा होय. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून ‘किर्लोस्करवाडी, जि. दक्षिण सातारा’ असा पत्ता असलेली पट्टी साधारणपणे १९४९ ते १९६० या काळातील ठरते. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास ती १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची असू शकत नाही. भारतीय मानक संस्थेचे प्रमाणन चिन्ह १९५२ च्या कायद्यानंतरचे आहे. त्यासोबत मानकाचे वर्ष दिलेले असल्यास भाग त्या वर्षानंतरचा असतो. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तथापि इंच व अश्वशक्ती ही मापे व्यवहारात नंतरही टिकून राहिल्याने केवळ त्यांवरून भाग जुना मानता येत नाही.

मर्यादा : ओतीव भागावरील उठावदार अक्षरे साच्यासाठी वापरलेल्या लाकडी नमुन्यावरून उमटतात. एकच नमुना अनेक वर्षे वापरता येत असल्याने ती अक्षरे नमुन्याचा काळ सांगतात, ओतकामाचा नव्हे. लिस्टर या ब्रिटिश एंजिनासारखी एंजिने राजकोट येथील अनेक कारखान्यांनी बनविली. त्यामुळे आकारसाम्य हा निर्मात्याचा पुरावा ठरत नाही. शिवाय एंजिनाची नामपट्टी एंजिनाचा काळ दाखविते. दुरुस्तीच्या वेळी बदललेला दट्ट्या, झडप किंवा पंपाचा पंखा त्यानंतरचा असू शकतो.

यासाठी प्रत्येक भागाचा स्वतंत्र विचार करून सर्वांत उशिरा सुरू झालेली खूण ही पूर्वमर्यादा व सर्वांत आधी बंद पडलेली खूण ही उत्तरमर्यादा धरतात. जुन्या पट्ट्यांचा शिल्लक साठा काही काळ वापरला जाण्याची शक्यता असल्याने उत्तरमर्यादा थोडी सैल ठेवणे इष्ट असते. पट्टी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेणे, क्रमांक व तो कोणत्या भागावर होता याची नोंद करणे, तसेच खरेदीची पावती व माहितीपुस्तिका यंत्रासोबत जपणे आवश्यक आहे. यंत्रापासून सुटी झालेली पट्टी निर्मात्याची माहिती देते. परंतु ते यंत्र कोणत्या विहिरीवर व किती काळ चालले, हे तिच्यावरून कळत नाही.