मान व मणक्याचे विकार आणि माजी सैनिकांचे विकलांगता निवृत्तिवेतन : नियम, निवाडे व प्रक्रिया

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याचा लष्कराशी असलेला संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर निर्वासितांची वसाहत झाली व तिलाच १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ येथे आयुध निर्माणी आहे. निर्माणीतील कामगार हे मुलकी कर्मचारी असल्याने त्यांना वेगळे नियम लागू होतात. प्रस्तुत लेखाचा विषय सैन्यदलांतून निवृत्त झालेल्या सैनिकांपुरता मर्यादित आहे.

जवान बहुधा ऐन उमेदीच्या वयात निवृत्त होतो आणि सोनिवलीसारख्या वाढत्या वस्तीत घर करून दुसरी नोकरी शोधतो. ती नोकरी अनेकदा सुरक्षारक्षकाची, म्हणजे दिवसाचे आठ किंवा बारा तास उभे राहण्याची असते. अशा वेळी मानेचे किंवा कमरेचे दुखणे हा केवळ प्रकृतीचा प्रश्न राहत नाही, तो उपजीविकेचा प्रश्न होतो. या विकारांवरील दावे नाकारले का जातात आणि कायद्याची भूमिका काय आहे, याचे विवेचन येथे केले आहे.

१. विकाराचे स्वरूप

मणक्याच्या दुखापतींचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार युद्धातील किंवा अपघातातील प्रत्यक्ष जखमेचा. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या व त्यांतील एक कण्यात रुतली. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. मज्जारज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. अशा जखमेची तारीख, ठिकाण व कारण यांची नोंद असते, त्यामुळे ती सेवेत झाली की नाही याविषयी सहसा वाद होत नाही.

दुसरा प्रकार संथ झिजेचा. मणक्यांमधील गादी सरकणे, मानेचा किंवा कमरेचा स्पॉन्डिलोसिस, मज्जातंतू दबून हातापायांत मुंग्या येणे ही त्याची रूपे होत. जड ओझे वाहणे, अवजड वाहने खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षे चालविणे, हेलिकॉप्टरमधील कंपने, छत्रीच्या साह्याने उडी घेताना बसणारे हिसके यांमुळे कण्यावर ताण येतो, हे वैद्यकशास्त्रास मान्य आहे. तथापि चाळिशीनंतर अशी झीज सैन्यात कधीही नसलेल्या व्यक्तींच्या क्ष-किरण चित्रातही आढळते. वादाचे मूळ येथेच आहे. वेदना खरी आहे हे उभय पक्षांस मान्य असते. ती वयोमानाची की सेवेची, एवढाच प्रश्न उरतो.

२. नियमांची चौकट

सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी ठरविते : विकलांगतेची टक्केवारी, आणि विकार सेवाजन्य किंवा सेवेमुळे बळावलेला आहे काय. विकलांगता किमान २० टक्के असणे व या दोहोंपैकी एक संबंध सिद्ध होणे, या मूळ अटी होत. विकार सेवेत उत्पन्नच झाला असला पाहिजे असे नाही. सेवेमुळे तो बळावला असला तरी हक्क निर्माण होतो. मणक्याच्या विकारांत ही दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची ठरते, कारण ‘झीज वयानुसार होतेच’ एवढ्याने तिचे उत्तर मिळत नाही.

१९८२ च्या हक्कनियमांत सैनिकाच्या बाजूने काही गृहीतके होती. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवाकाळात उद्भवला असे मानावे, पुराव्याचा भार दावेदारावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्यास द्यावा, असा त्यांचा आशय होता. २००८ च्या नियमांत हे सरसकट गृहीतक वगळण्यात आले. सामान्यतः दावेदाराकडे पुरावा मागू नये हे तत्त्व कायम राहिले, परंतु निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केल्यास व तोवर सेवाभिलेख विहित मुदतीनंतर नष्ट झालेले असल्यास भार दावेदारावर येतो, अशी तरतूद झाली. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्कनियम लागू झाले. सैनिक केव्हा सेवामुक्त झाला यावर त्याला कोणते नियम लागू होतात हे अवलंबून असल्याने दाव्याचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो.

३. न्यायालयीन निवाडे

धर्मवीर सिंह विरुद्ध भारत सरकार (२०१३) हा या क्षेत्रातील पायाभूत निवाडा होय. ते प्रकरण झटक्यांच्या विकाराचे होते, मणक्याचे नव्हते. तरीही त्यातील तत्त्व सर्व विकारांना लागू पडते. भरतीच्या वेळी सुदृढ ठरविलेल्या सैनिकाचा विकार सेवेशी संबंधित नाही असे म्हणावयाचे असेल, तर वैद्यकीय मंडळाने त्याची कारणे नोंदविली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. राजबीर सिंह प्रकरणात (२०१५) याचाच पुनरुच्चार झाला. २००८ च्या नियमांखालीही मंडळाची ही जबाबदारी संपत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले.

‘शरीरप्रकृतीजन्य विकार, सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा म्हणूनच पुरेसा ठरत नाही. सैनिकाच्या नेमणुका कोठे होत्या, कामाचे स्वरूप काय होते, दुखणे प्रथम केव्हा नोंदले गेले, या प्रश्नांना मंडळाच्या अभिप्रायात उत्तर असावयास हवे.

४. रकमेचा प्रश्न

२००८ च्या नियमांखालील प्रकरणांत शंभर टक्के विकलांगतेस अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के इतका विकलांगता घटक मिळतो व कमी विकलांगतेस त्या प्रमाणात. येथे ‘ब्रॉड बँडिंग’ची तरतूद महत्त्वाची आहे : ५० पेक्षा कमी टक्केवारी ५०, ५० ते ७५ ही ७५ आणि त्यावरील १०० धरली जाते. ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय पत्राने हा लाभ वैद्यकीय कारणास्तव सेवेबाहेर काढलेल्यांना दिला. नियत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळावा, हे राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये निश्चित झाले.

उदाहरणार्थ, अखेरचे वेतन ४०,००० रुपये व विकलांगता २० टक्के असल्यास मूळ हिशेबाने दरमहा २,४०० रुपये होतात. ५० टक्के धरल्यास ६,००० रुपये होतात. महागाई सवलत वेगळी. लहान कुटुंबाच्या अंदाजपत्रकात हा फरक थोडा नव्हे.

५. प्रक्रिया व तिच्यातील अडथळे

दावा नाकारल्यास सहा महिन्यांच्या आत प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि अखेरीस सशस्त्र सेना न्यायाधिकरण असा क्रम आहे. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले हे न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अर्जासंबंधीचे प्राथमिक मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळू शकते.

खरा अडथळा मात्र कागदाचा आहे. पाठदुखीची तक्रार केली की वैद्यकीय श्रेणी खालावते आणि बढती, अभ्यासक्रम, मुदतवाढ यांवर परिणाम होतो. म्हणून अनेक जवान मलम व गोळ्यांवर दिवस काढतात. सेवाकाळातील हे मौन निवृत्तीच्या वेळी त्यांच्याच विरुद्ध जाते, कारण जे नोंदले नाही ते घडलेच नाही असे अभिलेख सांगतो. यासाठी भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, रुग्णालयातील दाखल-नोंदी, एमआरआय, दुखापत अहवाल, नेमणुकांचा तपशील व सेवामुक्ती मंडळाच्या कार्यवाहीची प्रत एकत्र ठेवणे अत्यावश्यक आहे. जवळ नसलेल्या प्रती माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये वेळीच मागवाव्यात.

६. दुसरी बाजू

शासनाची चिंता निराधार म्हणता येणार नाही. विकलांगता घटकासह निवृत्त होणाऱ्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच अधिक असल्याकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधले होते. तरतुदीचा गैरवापर होऊ नये, हे मान्यच करावे लागेल. परंतु ज्याला नियम ठाऊक आहेत व ज्याची कागदपत्रे नीटनेटकी आहेत त्याचाच दावा टिकतो, असाही या आकडेवारीचा एक अर्थ संभवतो. गैरवापर रोखण्याचा न्याय्य मार्ग मंडळाचे निष्कर्ष सकारण व तपासता येण्याजोगे करणे हा आहे. त्यासाठी पुराव्याचा सर्व भार सामान्य जवानावर टाकण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

१. मानेच्या व मणक्याच्या विकारांत विकार केव्हा जडला यापेक्षा तो सेवेमुळे बळावला काय, ही कसोटी निर्णायक ठरते.
२. सकारण अभिप्राय देण्याचे दायित्व वैद्यकीय मंडळाचे आहे. कारणाविना दिलेला नकार आव्हानास पात्र ठरतो.
३. हक्क कायद्याने मिळत असला तरी तो पदरात पडतो अभिलेखाच्या आधारे, आणि अभिलेखाला आयुष्य असते. विलंब दावेदाराच्या हिताविरुद्ध जातो.
४. महाविद्यालये या कामी प्रत्यक्ष साह्य करू शकतात. राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना व विधी अभ्यासक्रम यांच्या माध्यमातून परिसरातील माजी सैनिकांना कागदपत्रे जुळविण्यास व अपिलाची मुदत समजावून देण्यास मदत करता येईल. वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरचाच हा प्रश्न असू शकतो.