घरगुती बागेसाठी छाटणीची अवजारे

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. १७६० मध्ये हैदरअलीने येथे लालबाग उद्यानाचा पाया घातला. शहरातील ही उद्यानपरंपरा आज घरांच्या अंगणांत व गच्च्यांवरही दिसते. सौम्य हवामानामुळे येथे गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांची वाढ जवळजवळ वर्षभर चालू राहते. साहजिकच छाटणीही वारंवार करावी लागते.

छाटणी ही झाडाला होणारी जखमच असते. सालीखालील वर्धनशील पेशींचा थर ती हळूहळू भरून काढतो. काप स्वच्छ असल्यास हे काम लवकर होते. फांदी चेपली गेल्यास मात्र त्या जागी बुरशीचा शिरकाव होतो. म्हणून फांदीची जाडी व स्थिती पाहूनच अवजार निवडावे.

सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंतच्या ओल्या फांदीसाठी, जिची पाती एकमेकांना घासून जातात अशी हातकात्री (सिकेटर) योग्य ठरते. ज्या कात्रीचे पाते सपाट पट्टीवर टेकते, ती वाळलेल्या काड्यांसाठीच वापरावी. दोन ते चार सेंटीमीटर जाडीसाठी लांब दांड्याची कात्री घ्यावी. तरफेच्या तत्त्वामुळे तिला कमी बळ पुरते. त्याहून जाड फांदीसाठी करवत लागते. जड फांदी प्रथम खालून थोडी कापावी, म्हणजे तुटताना खोडाची साल सोलली जात नाही.

रोगट फांदी कापल्यानंतर पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत. अन्यथा अवजारच रोगाचे वाहक बनते. लहान बागेला एक चांगली हातकात्री व एक करवत बहुधा पुरेशी असते. त्यांची धार राखणे मात्र आवश्यक आहे.