आधी मीटर, मग मॉनिटर

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये अटारीचं ‘पाँग’ बसवलं गेलं. पडदा म्हणून आत हिताचीचा काळा-पांढरा टीव्ही होता. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारे अ‍ॅल अल्कॉर्न धावत गेले, तर सगळं शाबूत! नाण्यांचा डबा इतका भरला होता की पुढचं नाणं आत शिरेना. आर्केडच्या दुरुस्तीची गोष्ट इथून सुरू होते आणि तिचं सारही इथेच आहे : बिघाड दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे.

१९७९च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मधला पडदा रंगवणारा इलेक्ट्रॉन किरण टीव्हीसारखा ओळीओळीने फिरत नव्हता, थेट रेघा ओढत होता. १९८१च्या ‘टेम्पेस्ट’मध्ये या रेघा रंगीत होत्या. असा किरण एका जागी थांबला तर तिथलं फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, जळतं. म्हणून मॉनिटरमध्ये ‘स्पॉट किलर’ होता : गेमच्या बोर्डाकडून सिग्नल आला नाही की पडदा काळा आणि आतला लाल एलईडी चालू. तो दिवा पाहून धडधाकट मॉनिटर खोलला जाई. दोष मात्र खाली, पॉवर सप्लायमध्येही असू शके : मोठा निळा कपॅसिटर सुकलेला, पाच व्होल्ट डळमळीत, म्हणून बोर्ड गप्प.

१९८५च्या सुमारास जपानमध्ये ‘जामा’ ही प्रमाण जोडणी आली. ५६ पिनांच्या एका कनेक्टरवर पॉवर, चित्र, आवाज, बटणं सगळं. बोर्ड काढा, दुसरा लावा. नव्वदच्या दशकात आपल्याकडची व्हिडिओ गेम पार्लरं यावरच चालली. १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ इथे त्यातल्या एका नायकामुळे ‘मुस्तफा’ झाला.

त्या काळात मी अशी मशीनं दुरुस्त करायचो. एक केस अजून लक्षात आहे. ऐन खेळात पडदा क्षणभर काळा होई आणि गेम पहिल्यापासून सुरू होई. टोकन वाया गेलेली पोरं रडकुंडीला येत. “भाऊ, मॉनिटरच गेलाय, बदलून टाका,” मालक म्हणाले. मी मीटर लावला. सप्लायवर ५.०५ व्होल्ट, पण बोर्डाच्या टोकाला ४.६२! तिथल्या चिपना किमान ४.७५ लागतात. कनेक्टरची पिन काळी पडली होती, वायरचं इन्सुलेशन वितळलं होतं. सप्लायचा स्क्रू पिळून व्होल्टेज चढवता आलं असतं, पण मग तीच पिन आणखी तापली असती. पिन आणि वायर बदलली, बोर्डाचे कॉन्टॅक्ट खोडरबराने घासले. मॉनिटरला हातही लावला नाही.

मॉनिटर खरंच बिघडतो, तेव्हा तो खुणा देतो. पडद्यावर एकच आडवी तेजस्वी रेघ आली की व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, बसला. बऱ्याचदा ते ड्राय सोल्डर असतं, भिंगाखाली पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. चालू करताना ‘चर्र’ झालं नाही, ट्यूबच्या मानेत उजेड नाही, तर फ्यूज, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) तपासायचा. एलओटी वीस-पंचवीस हजार व्होल्ट काढतो आणि स्विच बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये टिकतात. म्हणून आधी ट्यूब डिस्चार्ज करायची. तेव्हाही एक हात खिशात ठेवायचा. शिकवणाऱ्याने मला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

पिक्चर ट्यूबचे मोठे कारखाने आता बंद झाले. जुन्या कॅबिनेटमधली ट्यूब काढून एलसीडी बसवणं सोपं झालंय. पूर्वी निदान चुकलं की पैसे जात, ट्यूब दुसरी मिळे. आज निदान चुकलं की जगातली एक ट्यूब कायमची कमी होते, कदाचित एका काळ्या पडलेल्या पिनेपायी. म्हणून कुणी जुनं मशीन उघडत असेल, तर माझं कळकळीचं सांगणं एवढंच : स्क्रू-ड्रायव्हर पडद्याकडे नेण्याआधी बोर्डाच्या टोकाचे पाच व्होल्ट मोजा.