टूर द फ्रान्स व रस्त्याकडेचे प्रेक्षक

फ्रान्स देशांत प्रतिवर्षीं उन्हाळ्यांत ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलींची सुप्रसिद्ध शर्यत होत असते. ‘लोतो’ या वृत्तपत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनीं आपल्या पत्राचा खप वाढविण्याच्या हेतूनें ती १९०३ सालीं सुरू केली. दोन महायुद्धांमुळें पडलेला खंड वगळतां ती आजवर चालू आहे. हल्लीं तींत बहुधा एकवीस टप्पे असतात, व स्वारांस तीन आठवड्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापावें लागतें.

सपाट रस्त्यावर शेंदीडशें स्वारांचा थवा अर्ध्या मिनिटांत डोळ्यांसमोरून निघून जातो. तेवढ्यासाठीं सहस्रावधि लोक सकाळपासून रस्त्याकडेला ताटकळत कां उभे राहतात? घरबसल्या दूरचित्रवाणीवर शर्यतीचें स्वरूप याहून स्पष्ट दिसत नाहीं काय? दिसतें, परंतु तेथें कॅमेरा बहुधा पुढच्या स्वारांबरोबर असतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास मात्र पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सर्वांचे श्रम दिसतात. प्रत्यक्ष पाहण्याचें खरें आकर्षण यांत आहे, असें मला वाटतें.

डोंगराच्या चढणीवर ही गोष्ट विशेष प्रत्ययास येते. त्याचें कारण असें: सपाटीवर स्वाराची पुष्कळशी शक्ति हवेचा विरोध मोडण्यांत खर्च होते. दुसऱ्याच्या आडोशानें गेल्यास ती वांचते. म्हणून सर्व जण थव्यानें जातात. चढणीवर वेग मंदावतो, हवेचा विरोध घटतो, आणि प्रत्येकास आपल्या देहाचा भार आपणच वर न्यावा लागतो. मग थवा फुटतो. आल्प्स पर्वतांतील आल्प द्युएझचें उदाहरण घ्या. सुमारें चौदा किलोमीटरांच्या या घाटास एकवीस वळणें आहेत. १९५२ सालीं शर्यत तेथें प्रथम गेली, तेव्हां इटलीचा फाउस्तो कोप्पी विजयी झाला. अशा घाटांत पुष्कळ स्वार एकेकटे येतात. त्यांचा श्वास ऐकूं येतो, कपाळावरचा घाम दिसतो. तिकीट नाहीं, आणि बऱ्याच ठिकाणीं मध्यें कुंपणहि नाहीं.

सर्वांच्या मागून ‘झाडूगाडी’ येते. शर्यत सोडणाऱ्यांस ती उचलून घेते. प्रत्येक टप्प्यास कालमर्यादा असते. ती चुकली तर सामान्यतः दुसऱ्या दिवशीं भाग घेतां येत नाहीं. म्हणून मागें पडलेला स्वारहि जिवाच्या आकांतानें झटत असतो. त्याच्यासाठींहि टाळ्या वाजविणारे लोक तेथें असतात, हें त्या प्रेक्षकांचें भूषण होय.

परंतु हें सान्निध्य विश्वासावर उभें आहे. २६ जून २०२१ रोजीं ब्रिटनी प्रांतांत एका प्रेक्षक व्यक्तीनें, स्वारांकडे पाठ करून, कॅमेऱ्यास दिसावा म्हणून एक फलक रस्त्यांत पुढें केला. एक स्वार त्यावर आदळला, व त्याच्यामागें कित्येक स्वार कोसळले. पाहावयास आलेल्या मनुष्यानें स्वतःच दिसण्याची हांव धरली, म्हणजे असें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणास पुढेंमागें तेथें जाण्याचा योग आलाच, तर रस्ता बंद होण्यापूर्वीं चढणीवर जाऊन थांबा, एक पाऊल मागें उभे राहा, आणि झाडूगाडी पुढें जाईपर्यंत जागा सोडूं नका.