लंडन पेटल्याची थट्टा

मंडळी, मोबाईलवर आलेली चित्रफीत खरी की खोटी, यावरून हल्ली घरोघरी आणि पारावर वाद रंगतात. या वादाची नांदी शंभर वर्षांपूर्वी विलायतेत झाली होती, आणि तीही नभोवाणीवरच्या एका विनोदी श्रुतिकेने.

१६ जानेवारी १९२६, शनिवारची संध्याकाळ. स्कॉटलंडमधील एडिंबरो केंद्रावरून फादर रोनाल्ड नॉक्स यांनी एक प्रहसन सादर केले. गृहस्थ पाद्री, विद्वान आणि शिवाय रहस्यकथा लिहिणारे. बीबीसीला सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. बोलणारे खोके घरात येणे हीच मोठी नवलाई, आणि खोक्यातला माणूस बोलला की ते खरेच असणार, अशी लोकांची समजूत. नॉक्स यांना नेमकी याच समजुतीची टर उडवायची होती.

प्रहसन एका प्राध्यापकाच्या कंटाळवाण्या भाषणाने सुरू झाले. मग मध्येच बातमी आली. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात बेकारांचा जमाव जमला आहे. जमावाचे पुढारी पॉपलबरी हे नाटकगृहापुढच्या रांगा बंद करण्याच्या चळवळीचे चिटणीस! जमाव बागेत शिरून बदकांवर रिकाम्या बाटल्या फेकतो आहे. मध्ये थोडे नाचाचे संगीत, की पुन्हा बातमी : बिग बेनचा मनोरा तोफांनी पाडला, त्यामुळे यापुढे वेळ एडिंबरोच्या लेस्ली काकांच्या खिशातल्या घड्याळावरून सांगितली जाईल. वाहतूकमंत्र्यांना दिव्याच्या खांबावर लटकावले. थोड्या वेळाने दुरुस्ती आली, की खांब दिव्याचा नव्हता, ट्रामचा होता. शेवटी जमाव बीबीसीच्या कचेरीवर चालून गेला आणि तिथल्या बैठकीच्या खोलीत ‘रेडिओ टाइम्स’ वाचत बसला. शुभरात्री!

आता यात खरे मानण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. ही थट्टा आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले होते. पण ज्याने संच पाच मिनिटे उशिरा लावला, त्याच्या कानी फक्त निवेदकाचा संथ, भारदस्त आवाज आणि पाठीमागचा धडाड्धूम आवाज पडला. रशियातल्या क्रांतीला दहा वर्षेही झाली नव्हती आणि इंग्लंडात संपाचे वारे वाहत होते. मनात भीती आधीच होती, श्रुतिकेने तिला नुसते बोट दाखवले. कचेऱ्यांतले दूरध्वनी खणखणू लागले. बीबीसीने त्याच रात्री खुलासा केला, पण घाबरून ज्याने संच बंद केला असेल त्याला तो कुठून ऐकू येणार? त्यात बर्फ पडलेले. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे खेड्यापाड्यांत वेळेवर पोचली नाहीत. तेव्हा तिकडच्या लोकांनी लंडन गेलेच असे धरले.

खेड्यातल्या त्या श्रोत्यांना हसायला मी तरी तयार नाही. आम्हा विस्तार खात्यातल्या माणसांना हा प्रकार नवा नाही. आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमातले औषधाचे प्रमाण पक्के लक्षात राहते, पण ते कोणत्या पिकासाठी, हे सांगताना श्रोता बैलाला पाणी दाखवायला गेलेला असतो. मग कपाशीचे औषध मिरचीवर! अशा वेळी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फुकट विचारता येते, तरी शेजाऱ्याच्या सांगण्यावर पंप पाठीला लागतोच.

रेडिओचा श्रोता उशिरा आला म्हणून सुरुवात हुकायची. मोबाईलवर मात्र पुढचे-मागचे तोडून मधलाच तुकडा मुद्दाम पाठवता येतो. पाकिस्तानातील कराची शहरात मुले हरवू नयेत म्हणून जागृतीसाठी एक छोटी चित्रफीत बनवली होती. दुचाकीवरची दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मग हातातला फलक दाखवून आईबापांना सावध करतात. सगळा अभिनय. कोणीतरी तिचा शेवट कापला आणि उरलेला तुकडा २०१८ साली आपल्या देशात मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून फिरला. तो पुढे पाठवणाऱ्यांत आपल्या लेकरांच्या काळजीने पाठवणारेच पुष्कळ असतील.

मुले पळवणाऱ्या टोळ्यांची ही अफवा आपल्याकडेही गावोगाव पोचली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मंगळवेढ्याकडची ही माणसे, भिक्षा मागून पोट भरणारी. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि मारहाण केली. पाचही जण तिथेच गेले.